चौदा मुलांवर पीएच.डी. होते का?

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षं शिकवते. दोन वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केली. विषय असा : ‘इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकातील संपादनावर ज्ञानरचनावादी अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. म्हणजे मुलांनी स्वतः करून ज्ञान रचायचं, अशा शिकवण्यानं अपूर्णांकातली त्यांची प्रगती किती होते, ते पाहायचं. कोर्सवर्क झालं आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, दोन गट घ्या, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घ्या, टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे सांगणारा आकडा) काढा, दीड वर्षात प्रबंध होईल. पण माझ्या पाचवीत चौदाच मुलं आहेत. नियंत्रित गट, म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं शिकणारा, शेजारच्या गावातून घ्यावा, तर तिथले गुरुजी वेगळे, मुलंही वेगळी. आणि खरं सांगायचं तर, मुलं अपूर्णांकात चुकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते मला शोधायचं आहे. तसं बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, ‘मुलांशी गप्पा मारणं म्हणजे संशोधन नव्हे.’ घर, शाळा, ऑनलाइन माहित्या यांतून हाताशी उरतात ते शनिवार-रविवार. सरांचं ऐकून मोकळं व्हावं, मार्गदर्शक बदलावा, की सोडूनच द्यावं?

तिन्हीपैकी काहीही ठरवण्याआधी वर्गात दहा मिनिटांचं एक काम करून बघा. फळ्यावर अपूर्णांकांच्या चार जोड्या लिहा. प्रत्येक जोडीत मोठा कोणता, की दोन्ही समान, एवढंच मुलांनी कागदावर लिहायचं. पहिली जोडी ३/५ आणि ३/८. दुसरी २/३ आणि ७/८. तिसरी ४/९ आणि ३/५. चौथी ५/९ आणि ३/७. बरोबर उत्तरं अनुक्रमे ३/५, ७/८, ३/५ आणि ५/९.

समजा, तीन मुलांना चारपैकी दोन-दोन गुण पडले. पहिल्यानं ३/८, ७/८, ४/९, ५/९ असं लिहिलंय. हे मूल अंश आणि छेद सुटे सुटे पूर्णांक म्हणून वाचतं. ज्यात मोठे आकडे, तो अपूर्णांक मोठा. दुसऱ्याचं उत्तर ३/५, २/३, ३/५, ३/७. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हे आपणच शिकवलेलं वाक्य त्यानं पाठ केलंय आणि अंशाकडे पाहणंच सोडून दिलंय. तिसऱ्यानं ३/५, समान, ३/५, समान असं लिहिलंय. ते पूर्ण व्हायला किती तुकडे कमी पडतात तेवढंच मोजतं. २/३ मध्ये एक कमी आणि ७/८ मध्येही एकच कमी, म्हणून दोन्ही सारखे. ५/९ आणि ३/७ मध्ये चार-चार कमी, म्हणून तेही सारखे.

गुणपत्रकात ही तिन्ही मुलं एकाच ओळीत बसतात, पण त्यांना शिकवायला लागणार आहे वेगवेगळं. पहिल्याला समवाटणीकडे मागे न्यावं लागेल : एक भाकरी पाच जणांत वाटली तर वाट्याला जास्त येईल, की आठ जणांत? दुसऱ्याला ‘तुकडे लहान आहेत खरे, पण किती घेतलेत?’ हे विचारावं लागेल. तिसरं मूल तर उंबरठ्यावर उभं आहे. त्याला एकच प्रश्न पुरेल : ‘दोन्हीकडे एकेक तुकडा राहिला, पण राहिलेला तुकडा केवढा?’ एक तृतीयांश राहिला की एक अष्टमांश, हे लक्षात आलं की ७/८ मोठा का, ते त्याचं तोच सांगतो.

आता हीच मुलं तुमच्या आराखड्यात टाकून पाहा. तुम्ही महिनाभर कागदाच्या घड्या घालून छान शिकवलंत. पहिल्या मुलाला पटलं, की जास्त भाग केले तर भाग लहान होतो. ते पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात आलं. शिकण्याच्या दृष्टीनं हा मोठा पल्ला आहे. पण पूर्वचाचणीत दोन गुण, उत्तरचाचणीतही दोन गुण. टी-चाचणी म्हणणार, फरक नाही. तुमच्या सरांना हे दाखवायचं आहे. ‘गुणात्मक चांगलं की संख्यात्मक’ हा वाद मुळीच घालू नका. तो वाद शिक्षणशास्त्र विभागांत वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यातून एकही प्रबंध पुढे सरकलेला नाही. चौदा मुलांचे कागद घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की चौदा मुलं ही तुमची अडचण आहे. दोन गटांच्या प्रयोगासाठी ती अडचण आहेच, पण तुम्हाला वाटतं त्याहून खोल. उद्या तुमच्या वर्गात चाळीस मुलं असती आणि शेजारच्या गावातही चाळीस असती, तरी प्रयोगात खरं तर दोनच घटक आहेत : तुमचा वर्ग आणि त्यांचा वर्ग. पद्धत मुलागणिक बदललेली नाही, वर्गागणिक बदललीय. निकालात जो फरक येईल तो ज्ञानरचनावादाचा, की तुमचा, की त्या गुरुजींना नेमकी त्याच महिन्यात निवडणुकीची ड्यूटी लागली त्याचा, हे ऐंशी मुलांच्या गुणांवरून वेगळं करता येत नाही. हा आराखडा प्रामाणिकपणे करायचा तर दोन्ही बाजूंना दहा-बारा वर्ग हवेत, कोणता वर्ग कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं, आणि नवी पद्धत शिकवणारे शिक्षक तयार करायला हवेत. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एकट्या माणसानं करायचं हे काम नाही.

दुसरी खोट चाचणीत असते. चाचणी आपणच तयार करतो, आणि नकळत तिच्यात आपण जे करून घेतलं तेच विचारतो. प्रायोगिक गटानं महिनाभर कागदाच्या पट्ट्या रंगवल्या आणि उत्तरचाचणीत पंचवीसपैकी दहा प्रश्न पट्ट्या रंगवण्याचे आले, तर टी-मूल्य सार्थक यायला अडचण कसली? शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, ‘परिणामकारकतेचा अभ्यास’ असं शीर्षक असलेले दहा प्रबंध उघडा. थेट निष्कर्षाचं प्रकरण वाचा आणि किती ठिकाणी शून्य परिकल्पनेचा (‘दोन्ही गटांत फरक नाही’ या गृहीतकाचा) त्याग करता आला नाही, ते मोजा. मग परिशिष्टातली चाचणी आणि अध्यापनाचे पाठ शेजारी शेजारी ठेवून बघा. एका रविवारचं काम आहे, आणि आराखडा मांडताना ते तुमच्याच कामी येईल.

आता सरांची बाजू. ‘गप्पा म्हणजे संशोधन नव्हे’ हे वाक्य तुम्हाला लागलं, पण त्यात तथ्य आहे. कुठली मुलं निवडली, का निवडली, सगळ्यांना एकच प्रश्न एकाच क्रमानं विचारला का, उत्तराचं वर्गीकरण कुणी केलं, दुसऱ्यानं केलं असतं तर तेच आलं असतं का, याची उत्तरं नसतील तर त्या गप्पाच होतात. सरांना संशोधन सल्लागार समितीपुढे आणि पुढे बाहेरच्या परीक्षकापुढे उभं राहायचं आहे. त्यांना विचारा, ‘सर, मी असं केलं तर परीक्षक पहिला प्रश्न काय विचारतील?’ आणि जे उत्तर मिळेल ते लिहून घ्या. बहुतेक वेळा ते विश्वसनीयतेबद्दल असतं, आणि त्याची तयारी करता येते.

मार्गदर्शक बदलण्याबद्दल थोडक्यात : नियमांत तशी सोय असते, पण एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार इतकेच पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. आपल्या भागात प्राथमिक गणिताच्या अध्यापनावर काम करणारा आणि जागा रिकामी असलेला मार्गदर्शक शोधण्यात वर्ष जाऊ शकतं. सरांनी तुम्हाला अडवलेलं नाही, त्यांना येते ती वाट दाखवलीय. आधी कागद दाखवा.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : प्रश्न बदला, सांगाडा फारसा बदलू नका. शीर्षक काहीसं असं होईल : ‘इयत्ता पाचवी व सहावीच्या मुलांच्या अपूर्णांक-तुलनेतील विचारपद्धती आणि अध्यापनानंतर त्यांत होणारे बदल’. इयत्ता, विषय, अध्यापन, आधी-नंतर हे सगळं त्यात आहे. त्यामुळे समितीला हा नवाच विषय वाटणार नाही. तरी शीर्षकातला बदल किरकोळ धरायचा की पुन्हा मान्यता घ्यायची, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारून ठेवा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कामाचे तीन टप्पे पडतील. पहिला टप्पा लेखी चाचणीचा. तुमच्या आणि लगतच्या केंद्रातल्या शाळांतून पाचवी-सहावीची साधारण १६० मुलं मिळवा. वर दिलेल्या चार जोड्या ठेवा, त्यांच्यात आणखी आठ प्रश्न मिसळा : बेरजेचे, संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवण्याचे, ५/४ चं चित्र काढण्याचे. जोड्या सलग देऊ नका, नाहीतर मूल पहिल्या जोडीला सुचलेला नियम पुढे ओढत नेतं. डावं-उजवंही बदलतं ठेवा. वरच्या क्रमात बरोबर उत्तर दोनदा डावीकडे आणि दोनदा उजवीकडे येतं, त्यामुळे सगळीकडे डावीकडचंच लिहिणारं मूल कुठल्याच प्रकारात बसत नाही. निव्वळ अंदाजानं लिहिलेलं उत्तर एखाद्या ठरावीक नमुन्याशी जुळण्याची शक्यता ८१ मध्ये एक, कारण प्रत्येक जोडीला तीन पर्याय आहेत आणि जोड्या चार. तीन चुकीचे नमुने आणि एक बरोबर असे चार धरले आणि सगळ्यांनीच अंदाजानं लिहिलं, तर १६० मुलांत सात-आठ मुलं योगायोगानं आत येतील. हा आकडा प्रबंधात आपणहून मांडा. परीक्षकानं विचारायची वाट पाहू नका. फक्त अंश पाहणारी मुलंही निघतील : ‘समान, ७/८, ४/९, ५/९’. त्यांनाही दोनच गुण. बरीच मुलं कुठल्याच नमुन्यात बसणार नाहीत. त्यांना ओढूनताणून बसवू नका, ‘अनिश्चित’ असा वेगळा रकाना ठेवा.

दुसरा टप्पा मुलाखतींचा, आणि मन लावून करायचं काम हेच. तीन चुकीच्या नमुन्यांतली सहा-सहा मुलं आणि चारही बरोबर आलेली सहा, अशी चोवीस निवडा. चारही बरोबर आलेल्यांना वगळायचा मोह होईल, पण वगळू नका. त्यांतली काही मुलं तिरकस गुणाकार करून उत्तर काढतात आणि ३/५ म्हणजे केवढं, हे त्यांना सांगता येत नाही. हे फक्त मुलाखतीतच उघडं पडतं.

साहित्य थोडंच लागतं. प्रत्येक मुलामागे २४ सेंटिमीटर लांबीच्या दहा कोऱ्या कागदी पट्ट्या, फूटपट्टी आणि पेन. पट्टी २४ सेंटिमीटरचीच का? तिचे दोन, तीन, चार, सहा आणि आठ भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. २/३ म्हणजे १६ आणि ७/८ म्हणजे २१, फरक डोळ्यांना दिसतो. पाच भाग मात्र ४.८ चे होतात आणि मूल मोजण्याच्या घोळात मूळ प्रश्न विसरतं, म्हणून पंचमांश पट्टीवर नकोत. पेन्सिल-खोडरबर देऊ नका, पेन द्या. खोडलेलं उत्तर ही तुमची सामग्री आहे, ती कागदावर राहिली पाहिजे. भाकरी-पोळीचं गोल चित्रही शक्यतो टाळा. गोलाचे तीन समान भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही. मुलं गोलात उभ्या रेघा मारतात, कडेचे तुकडे लहान पडतात, आणि मग चूक अपूर्णांकाची की चित्राची, ते कळत नाही.

३/५ आणि ३/८ साठी शेताचा संदर्भ घ्या. चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतो. एकराच्या ३/८ मध्ये ऊस लावला तर पंधरा गुंठे होतात, ३/५ मध्ये लावला तर चोवीस. आकड्यांत ३/८ मोठा म्हणणारं मूल गुंठ्यांत काय म्हणतं, आणि दोन उत्तरं जुळत नाहीत हे लक्षात आल्यावर ते कुठलं सोडतं, हे टिपण्यासारखं आहे. क्रम मात्र आधी नुसते आकडे, मग शेत, असाच ठेवा. उलटा ठेवलात तर संदर्भानं दिलेला आधार आकड्यांच्या उत्तरात झिरपेल. आणि ज्या घरात शेती नाही त्या मुलाला गुंठा माहीत असेलच असं नाही. मुलाखतीच्या सुरुवातीला ‘एकरात किती गुंठे?’ विचारून नोंद करा. येत नसेल तर तो प्रश्न त्या मुलासाठी बाद.

विचारण्याची रीत सांगते. मूल उत्तर देईल, मग ‘तुला असं का वाटलं?’ विचारायचं. बरोबर उत्तरालाही आणि चुकीच्या उत्तरालाही, त्याच आवाजात. शाळेत ‘का?’ हा प्रश्न बहुतेक चुकल्यावरच येतो, त्यामुळे फक्त चुकीच्या उत्तराला विचारलंत तर तिसऱ्या जोडीपर्यंत मुलाला खूण कळते आणि ते तुमचा चेहरा वाचून उत्तर बदलू लागतं. विचारल्यावर गप्प राहायचं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. मनात तीन आकडे मोजा. शिकवायचं अजिबात नाही. अकरा वर्षं शिकवलेल्या बाईंना हे फार जड जातं. हात फळ्याकडे जातोच.

मुलाचं उत्तर पक्कं आहे की कच्चं, हे पाहायला बालमानसशास्त्रज्ञ प्याजेंच्या मुलाखतींतली एक युक्ती कामाची आहे : ‘दुसऱ्या गावचा एक मुलगा म्हणाला, दोन्ही सारखेच. त्याचं बरोबर की तुझं?’ कच्चं उत्तर लगेच बदलतं. पक्कं असेल तर मूल त्या दुसऱ्या गावच्या मुलाला समजावू लागतं, आणि तिथं तुम्हाला त्याचा तर्क त्याच्याच शब्दांत मिळतो. हा दुसरा मुलगा कधी चूक, कधी बरोबर बोलायला हवा. नेहमी चूकच बोलला तर तीही खूणच.

एका मुलाला वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. चोवीस मुलांचे आठ तास होतात. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सहा तास धरा, म्हणजे ४८ तास. रविवारी चार तास बसलात तर बारा रविवार. हे गणित आधी मांडल्याशिवाय मुलाखतींची संख्या वाढवू नका. पन्नास मुलाखती घेऊन वीसच उतरवलेल्या, असे अर्धवट प्रबंध कपाटात पडून राहतात. उतरवताना मुलाची बोली तशीच ठेवा. ‘बारकं तुकडं जास्त झाल्यात न्हवं’ याचं ‘लहान तुकडे जास्त झाले आहेत’ करू नका. प्रमाण मराठीत आणताना आपण नकळत तर्कही सरळ करून टाकतो. आणि पत्र्याच्या शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये मुलाखत ठेवू नका. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की फोनमध्ये पावसाशिवाय काही उतरत नाही.

मग वर्गीकरण. प्रत्येक उत्तराच्या तर्काला प्रकार द्या. त्यांतली चाळीस उत्तरं नाव आणि तुमचा शेरा झाकून एखाद्या सहकारी शिक्षकाला द्या आणि त्यांनाही प्रकार ठरवायला सांगा. समजा, ३४ ठिकाणी जुळलं. म्हणजे ८५ टक्के. पण काही जुळणी योगायोगानंही होते. ती दोघांच्या प्रकारवार आकड्यांवरून काढायची. समजा, ती ५० टक्के निघाली, तर (०.८५ − ०.५०) भागिले (१ − ०.५०) म्हणजे ०.७०. हा कोहेन यांचा कप्पा गुणांक. सरांना जी विश्वसनीयता हवी आहे ती हीच. न जुळलेल्या सहा उत्तरांवर दोघांनी बसून बोला आणि प्रकारांच्या व्याख्या सुधारा. मग आणखी चाळीस नवी उत्तरं घेऊन पुन्हा जुळवा. त्याच सहांवर एकमत करून कप्पा वाढवणं ही पळवाट झाली.

तिसऱ्या टप्प्यात तुमचा वर्ग येतो, आणि इथं चौदा हा आकडा सोयीचा ठरतो. चार आठवड्यांत बारा तासिका : चार समवाटणीच्या, चार पट्टीनं मोजण्याच्या, चार संख्यारेषेच्या आणि ‘अर्ध्यापेक्षा कमी की जास्त’ या तुलनेच्या. समवाटणी आणि मोजमाप या दोन अर्थांवर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काम झालेलं आहे, तिथले शोधनिबंध पाठ आखण्याआधी वाचा. शेवटी त्याच धाटणीच्या नव्या जोड्या द्या : २/५ आणि २/७, ३/४ आणि ५/६, ३/८ आणि २/३, ४/७ आणि २/५. एकदा लगेच आणि एकदा आठ आठवड्यांनी. मग चौदा ओळींचा तक्ता करा : मूल आधी कुठल्या प्रकारात होतं, नंतर कुठल्या, आठ आठवड्यांनी कुठल्या. कुणी पुढे सरकलं, कुणी सरकून परत आलं, हे त्यात दिसेल. यात नियंत्रित गट नाही, त्यामुळे ‘माझ्या पद्धतीमुळेच झालं’ असा दावा करू नका. ‘या पाठांच्या काळात विचार कसे बदलले’ एवढाच करा. संख्याशास्त्र हवंच असेल तर १६० मुलांत इयत्ता आणि विचारप्रकार यांचा काय-वर्ग (दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, हे तपासणारा आकडा) काढता येतो. फक्त ज्या रकान्यांत अपेक्षित वारंवारता पाचाच्या खाली जाते, ते आधी एकत्र करा.

आपलाच वर्ग घ्यावा का, ही शंका योग्य आहे. तुमची मुलं बाईंना आवडेल ते बोलणार. म्हणून मुलाखतींची चोवीस मुलं दुसऱ्या शाळांतली घ्या, आणि तुमच्या वर्गाच्या आधी-नंतरच्या मुलाखती दुसऱ्या शिक्षकाकडून घेववा. त्या शिक्षकाला दोन मुलांवर सराव करू द्या, नाहीतर तोही शिकवायला लागतो. लेखी परवानगीची साखळी आधी पुरी करा : शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, पालकांची संमती, आणि शेवटी मुलाचं स्वतःचं ‘हो’. पालकांनी सही केली तरी मूल ‘नको’ म्हणालं तर सोडून द्यायचं. नावांऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या ठिकाणी.

वेळेची भीती थोडी कमी करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन, आणि महिलांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. तुमची दोनच वर्षं गेली आहेत. कोर्सवर्क आणि वाचन कुठल्याही शीर्षकाला चालतं. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही जुनी अट त्या नियमांत नाही, तरी आपल्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते पाहा.

विज्ञानाचं किंवा परिसर अभ्यासाचं संशोधन करणाऱ्या वाचकांनाही हीच रीत लागू पडते : प्रश्न असे निवडा, की वेगवेगळ्या चुकीच्या समजुतींची उत्तरं वेगवेगळी येतील. तरंगणं-बुडणं घ्या. मोठा लाकडी ठोकळा, दोन इंची खिळा, स्टीलची वाटी आणि विटेचा तुकडा. ‘जड ते बुडतं’ असं मानणारं मूल ठोकळा बुडवतं आणि खिळा तरंगवतं. ‘लोखंड बुडतं’ असं मानणारं खिळ्याचं बरोबर सांगतं, पण वाटीला फसतं. विटेच्या तुकड्यापुरते दोघंही बरोबर असू शकतात, म्हणून नुसता तो ठेवून काही कळत नाही. खिळ्याऐवजी टाचणी घेऊ नका. ती अलगद ठेवली गेली तर पृष्ठताणामुळे पाण्यावर राहते आणि सगळा प्रयोग भरकटतो. दशांश अपूर्णांकांवर काम करणाऱ्यांनी दूध संस्थेची चिठ्ठी बघावी. फॅट ३.५, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले घन पदार्थ) ८.५ असे एकाच दशांश स्थळाचे आकडे मुलं रोज वाचतात, त्यामुळे ६.१० आणि ६.९ यांत मोठा कोणता, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलेलाच नसतो.

तुमच्या वेळापत्रकाचं एक शेवटचं. लेखी चाचणी सप्टेंबरात आणि उरलेलं काम दिवाळीनंतर, असं ठरेल. आपल्याकडे नेमका तेव्हाच उसाचा हंगाम सुरू होतो. तोडणी कामगारांची मुलं मध्येच वर्गात दाखल होतात आणि मार्चच्या सुमाराला परत जातात. बारा तासिकांना त्यांना बसवायचंच, कागदही द्यायचा. पण पहिली चाचणी त्यांनी दिलेली नसेल, तर चौदा ओळींच्या तक्त्यात त्यांना मिसळू नका. त्यांचा वेगळा तक्ता करा, शाळेत आल्याची तारीख लिहा, आणि आधीच्या शाळेत अपूर्णांक कुठवर झाले होते, ते त्यांनाच विचारून घ्या.